हाडांची तसबीर

लीड्स,
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

प्रिय शशीमामा, सलाम.

मागच्या पत्रात माझी एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. तसबिरीच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, जो माणूस बसला आहे तो डोळे झाकून बसला आहे असं मी लिहिलं होतं. तसं नाही. त्याचे तळहात कानांवर आहेत. डोळे उघडे आहेत.

चूक अशी झाली की ते पत्र मी खाली स्वयंपाकघरात बसून आठवणीने लिहिलं. तसबीर वर, आईबाबांच्या खोलीत आहे. जिना चढून बघून येणं अवघड नव्हतं, पण मी गेले नाही. आई असती तर तिने ते वाक्य खोडलं असतं. अकरा वर्षांची होईपर्यंत तीच माझी शाळा होती आणि दर शनिवारी तसबिरीवर दहा वाक्यं लिहायची असत, मराठीत. वाक्य चुकलं तर बरोबर काय ते ती सांगायची नाही. नुसतं म्हणायची, "परत बघून ये." म्हणून ऑपरेशननंतर घरी आल्यावर तुम्ही लिहिलंत की नगरला आजोबांच्या खोलीत पाहिलेली ती तसबीर डोळ्यांसमोर येत नाही, फोटो पाठवू नकोस, मोबाईलवर मला काही दिसत नाही, तूच लिहून सांग, तेव्हा मला बरं वाटलं. म्हणजे एवढं तरी आपल्याला करता येईल असं वाटलं.

आता बघून लिहिते आहे. तसबीर भिंतीवरून उतरवून पलंगावर ठेवली आहे. मधोमध खडकावर बायबलातला यहेज्केल संदेष्टा, एक हात वर केलेला. त्याच्यापुढे खोरं आणि खोऱ्यात हाडं. उजवीकडे सांगाडे उठून बसताहेत. त्यांच्या मागच्यांच्या अंगावर अर्धंमुर्धं मांस चढलं आहे, आणि त्याही मागे, डोंगरापर्यंत, नुसती माणसं. वारा चारी बाजूंनी येतो, तो रेघांनी दाखवला आहे. चित्र छापायचा ठसा कोरणाऱ्याचं नाव खाली असणार, पण फ्रेममध्ये बसवताना कुणीतरी कागदाची कड कापली आहे. एक गोष्ट मला आज पहिल्यांदा दिसली. हाडं कोरलेलीच नाहीत. त्यांच्या अवतीभवती रेघा कोरल्या आहेत आणि हाडांच्या जागी कागद तसाच कोरा सोडला आहे. माझ्या कामातही हाड पांढरंच दिसतं. हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात दिवसभर मी लोकांना "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" असं सांगते आणि पांढरं बघते. दोन्हींतलं साम्य इतक्या वर्षांत लक्षात कसं आलं नाही, माहीत नाही.

दुसरी गोष्ट चूक नाही, पण मागच्या पत्रात ती नव्हती, म्हणजे ते पत्र अपुरं होतं.

इथे दहनानंतर उरलेली हाडं यंत्रात घालून त्यांची भुकटी करतात आणि ती घरी देतात. सगळे तिला अस्थी म्हणतात. आधी सांगून ठेवलं तर मात्र हाडं तशीच देतात. जानेवारीत आईचं सगळं ठरवायला बाबा आणि मी गेलो होतो. बाबा गाडी काढायला बाहेर पडले तेव्हा मी परत आत गेले आणि तिथल्या बाईंना सांगितलं की माझ्या आईची हाडं दळू नका. त्यांनी विचारलं, धर्मामुळे का? मी हो म्हटलं. कोणत्या धर्मामुळे, ते त्यांनी विचारलं नाही.

कारण असं होतं. लहान असताना मी आईला विचारलं होतं की खोऱ्यातलं एखादं बारीक हाड हरवलं असेल तर? ती म्हणाली, "मग बाकीची हाडं थांबतात." ते मला त्या ऑफिसात आठवलं. रडू वगैरे आलं नाही. भुकटी झाली तर कोण कोणासाठी थांबणार, एवढंच मनात आलं.

पेटी बाबांच्या कपाटात आहे. आत हाडं आहेत हे त्यांना माहीत नाही, ते राखच समजताहेत. शनिवार, ११ एप्रिलला त्यांनी नदीवर बोट ठरवली आहे. इथल्या मराठी मंडळातली माणसं येणार आहेत. बाबा सगळ्यांसमोर पेटी उघडतील आणि पाण्यावर उपडी करतील. त्याआधी त्यांना सांगायला हवं. मी अजून सांगितलेलं नाही.

तुम्हाला नदी आवडणार नाही हे मला माहीत आहे. आईने स्वतः काहीच सांगून ठेवलं नव्हतं, हेही खरं.

तुमची भाची,
स्वराली


हॅरो,
शनिवार, २८ फेब्रुवारी २०२६

प्रिय स्वराली, सलाम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र सेकंड क्लासच्या टपाल तिकिटावर रमतगमत आलं. तुझी आई फर्स्ट क्लास लावायची आणि मी तिला दर वेळी विचारायचो, लीड्समध्ये सोनं सापडलं का.

माझा नवा खुबा उत्तम चालतो. मी चालत नाही. फिजिओ शिकवणारी मुलगी माझ्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलते. ईशिता तिच्या बाजूची. माझीच मुलगी, पण हॅरोत जन्मलेली. काल म्हणाली, "पप्पा, तुमची वॉकर नुसता टॉवेल वाळवायला आहे." मराठी कसंही असलं तरी टोमणा बरोबर बसला. मला मात्र वेगळीच काळजी लागली आहे. त्या शेवटल्या दिवशी सगळे उठतील तेव्हा माझा टायटेनियमचा खुबा कोणाच्या हिशेबात धरणार? तुझ्या विभागात विचारून ठेव.

आता खरं बोलतो. ज्या आठवड्यात मधू गेली, त्या आठवड्यात मी इथे भुलीत आणि गुंगीच्या गोळ्यांत होतो. शुद्धीवर आलो तर बहीण नाही, आणि माती द्यायलाही काही उरलं नाही असं ईशिताने सांगितलं. आमच्या नगरच्या घरात आजवर कोणाला जाळलं नव्हतं. याबद्दल मी तुझ्या बाबाला एक शब्द बोललेलो नाही. एक बोललो तर थांबणार नाही, म्हणून. आणि आज तू लिहितेस की उरलं आहे. ते वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं. चहा पुढ्यात होता, त्यावर साय धरली.

तू केलंस ते चोरून केलंस. त्याचा जाब मी विचारणार नाही, मला तो हक्क नाही आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. पण बाबाला सांग. बोटीत सांगायची पाळी आणू नकोस. मंडळाचे अध्यक्ष उभे असणार, कोणीतरी मोबाईल धरून चित्रण करत असणार, आणि उदयच्या हातून राखेच्या ऐवजी तिची हाडं पाण्यात पडणार. मी त्याच्यावर रागावलो आहे, पण असं मी माझ्या वैऱ्याच्याही वाट्याला येऊ देणार नाही. नदी की जमीन, ते नंतर. आधी पेटीत काय आहे ते त्याला कळू दे.

कान झाकलेल्या माणसाबद्दल. तू लिहिल्यावर मला तो लख्ख आठवला. मधू त्याला उदय म्हणायची, माहीत आहे तुला? लग्नानंतर तुझा बाप पुण्याहून पहिल्यांदा आमच्याकडे नगरला आला तेव्हा मी हार्मोनियमवर दोन गीतं म्हटली. जावईबापू कोपऱ्यात गुडघ्यांवर कोपरं टेकून बसले होते. मधू तसबिरीकडे बोट दाखवून इतकी हसली की आईने तिला आत पाठवलं.

पुढचं पत्र लवकर टाक. सेकंड क्लास चालेल.

तुझा,
शशीमामा


लीड्स,
रविवार, ८ मार्च २०२६

प्रिय शशीमामा, सलाम.

तुमच्या खुब्याबद्दल विचारलं. धातू वेगळा काढून घेतात, हाडांत मिसळू देत नाहीत. दफन केलं तर तो तुमच्यासोबत राहील. हे चेष्टेत विचारलं होतंत हे मला कळलं आहे, पण उत्तर माहीत होतं म्हणून लिहिलं.

मी बाबांना सांगायचा प्रयत्न केला. बुधवारी मला सुट्टी होती. ते कामावरून आले, आम्ही जेवायला बसलो. मी म्हटलं, "बाबा, पेटीबद्दल बोलायचं होतं."

ते म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे का?"

"नाही."

"मला कमी लागलं." ते उठले, मीठ आणायला गेले, आणि परत येताना टीव्ही लावून आले.

मीठ टेबलावरच होतं. मी ते त्यांना दाखवलं नाही. त्यानंतर मी पुन्हा विषय काढला नाही. काढायला हवा होता, कारण ते मला थांब म्हणाले नव्हते.

मला वाटतं ते काहीच लक्षात घेत नाहीयेत. खोलीतही फारसे जात नाहीत. त्यांचे शर्ट त्यांनी कपाटातून काढून जिन्याच्या कठड्यावर टांगले आहेत, वर जाताना ते खांद्याला लागतात. कपाटात आईच्या साड्या आहेत, त्या दिसू नयेत म्हणून असेल. झोपतात खाली सोफ्यावर. सकाळी पांघरुणाची घडी इतकी नीट असते की कोणी झोपलं होतं असं वाटत नाही. आम्ही भांडत नाही. ते विचारतात, "चहा?" मी हो म्हणते. "बाहेर पाऊस आहे का?" मी हो म्हणते. नदीचंही असंच झालं होतं. ते म्हणाले, "अकराला बोट मिळते आहे, चालेल?" आणि मी हो म्हटलं. ते खोटं बोलणं झालं का, याचा मी विचार करते आहे. मी चालेल या अर्थाने म्हटलं नव्हतं. ऐकलं या अर्थाने म्हटलं होतं.

कामावर सगळं ठीक आहे. परवा एका आजींच्या हाताचा एक्स-रे काढायचा होता, बांगड्या निघत नव्हत्या, म्हणून बांगड्यांसकट काढला. ते चित्र पडद्यावर आलं तेव्हा मला आठवलं की तीन वर्षांपूर्वी आई बर्फावरून घसरली होती आणि तिचं मनगट आमच्याच विभागात तपासलं होतं. तो एक्स-रे अजून तिथल्या संगणकात आहे. कामाशी संबंध नसताना तो उघडायची मला परवानगी नाही. मी उघडलेला नाही. पण तो आहे हे मला माहीत आहे, आणि रोज त्याच संगणकासमोर मी बसते.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मला अजून काही वाटत नाही. भूक लागते, झोप लागते. आईच्या डब्यातला गोड्या मसाल्याचा शेवटचा चमचा मी आमटीत घातला आणि ती आमटी नेहमीसारखी खाल्ली. नंतर लक्षात आलं की काहीतरी वाटायला हवं होतं.

तिने मला ते "बाकीची थांबतात" कुठून सांगितलं असेल? मी पवित्र शास्त्रात शोधलं. तिथे नाही.

तुमची,
स्वराली


लीड्स,
१५ मार्च २०२६

शशिकांत, नमस्कार.

आपल्यात पत्रव्यवहार कधी नव्हता. तुमची पत्रं मधूला यायची आणि तिची मी टपालपेटीत टाकून यायचो, एवढाच माझा भाग. हे पत्र लिहिल्याचं स्वरालीला सांगितलेलं नाही. आज इथे मदर्स डे आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात दारापर्यंत फुलं भरली होती, स्वराली दूध घेऊन येईपर्यंत मी गाडीतच बसून राहिलो.

मुद्द्याचं लिहितो. जानेवारीत पेटी मी गाडीतून घरात आणली. पायरी चढताना ती थोडी तिरकी झाली आणि आत वाजलं. तीस वर्षं मी पंपांचं काम करतो आहे. बंद झाकणाच्या आत काय सुटं झालं आहे ते आवाजावरून ओळखण्याचेच मला पैसे मिळतात. राख वाजत नाही.

मी समजलो की तुम्ही हॅरोहून फोन करून तशी व्यवस्था केली असणार. तुमच्याकडे दफन करतात. मी मधूला दहन दिलं ते मला दुसरं काही येत नव्हतं म्हणून. तिने सांगून ठेवलं नव्हतं, तुम्ही हॉस्पिटलात होतात, आणि माझ्या आईवडिलांचं जे केलं तेच मी केलं. तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर मीही बोललो नसतो. तेव्हा हाडं मागून घेतलीत त्याबद्दल माझी तक्रार नाही.

त्या दिवसापासून ते कपाट मी उघडत नाही. त्याचं दार खाली घासतं, ओढलं की कपाटाला हिसका बसतो. म्हणून शर्ट बाहेर काढून ठेवले. खोलीत झोपत नाही. आवाज येतो असं नाही. तो येत नाही आणि मी ऐकत पडून राहतो, म्हणून.

स्वरालीला हे कळता कामा नये. ती रोज परक्या माणसांची हाडं बघते, ते पुष्कळ झालं. गेल्या आठवड्यात जेवताना ती म्हणाली, पेटीबद्दल बोलायचं आहे. आता ही पेटी उघडून बघू म्हणणार, असं वाटलं. मी मीठ आणायच्या निमित्ताने उठलो. मीठ समोरच होतं, तिने ते पाहिलं असेल.

नदीचं मी तिच्यासाठी ठरवलं. विचारलं तर हो म्हणाली. पण सध्या ती सगळ्यालाच हो म्हणते, त्यामुळे तिला खरंच काय हवं आहे ते मला सांगता येत नाही.

तुम्ही पेटी न्यायला येणार असाल तर ११ एप्रिलच्या आत या. येता येत नसेल तर मी गाडीने आणून देईन, वाटेत कुठे आदळणार नाही याची काळजी घेईन. जमीन तुम्ही बघा, मी येऊन उभा राहीन. नदीवर न्यायला दुसरी तशीच पेटी मिळते. लाकडाची स्वच्छ राख कुठे मिळेल ते मी पाहून ठेवलं आहे. मुलीला कळणार नाही.

एवढंच. तब्येत सांभाळा. वॉकर वापरा, ईशिता सांगत होती.

उदय


हॅरो,
शनिवार, २१ मार्च २०२६

प्रिय स्वराली, सलाम.

तुझ्या बाबाचं पत्र आलं आहे. त्यात काय आहे ते मी तुला सांगणार नाही, ते पत्र त्याचं आहे. आणि तुझ्या पत्रांत काय आहे ते मी त्याला सांगणार नाही. त्यामुळे मी मोठ्या अडचणीत सापडलो आहे. त्याला उत्तर लिहायचं तर खरं लिहून तुझं गुपित फुटतं, आणि खोटं मी लिहीत नाही. तीन कागद फाडले. ईशिता म्हणाली, "पप्पा, हे काय प्रेमपत्र आहे का?" मी म्हटलं, असेल.

आता ऐक. तुझी आई आता नाही, म्हणून तिच्या जागी मी सांगतो. शाळा पुन्हा भरली आहे असं समज. तसबिरीवर दहा वाक्यं लिही. सगळ्या तसबिरीवर नको. संदेष्टा नको, सांगाडे नकोत. फक्त कोपऱ्यातल्या त्या माणसावर. आठवणीने लिहू नकोस. परत बघून ये.

दुसरं, "बाकीची थांबतात" याबद्दल. ते शास्त्रात तुला सापडणार नाही, कारण ते आमच्या जेवणाच्या खोलीतलं आहे. मधू लहानपणी कधी वेळेवर पानावर आली नाही. कधी झाडावर, कधी शेजारी, कधी पुस्तकात. आणि आमच्या वडिलांचा नियम असा की घरातलं एक माणूस कमी असेल तर प्रार्थना सुरू करायची नाही. भाकरी गार व्हायची, मी चरफडायचो, पण सगळे थांबायचे. उशिरा येणाऱ्याला आपल्यासाठी कोणीतरी थांबलं आहे हे आयुष्यभर पुरतं. तेच तिने तुला दिलं. ते हाडांबद्दल नव्हतं, पोरी. निदान फक्त हाडांबद्दल नव्हतं.

माझा राग होता त्या जागी नाही. कुठे गेला ते शोधतो आहे, वॉकर घेऊन.

वाक्यं पाठव. या वेळी फर्स्ट क्लास लाव.

शशीमामा


लीड्स,
रविवार, २९ मार्च २०२६

प्रिय शशीमामा, सलाम.

आज घड्याळं एक तास पुढे गेली. बाबांनी सकाळी घरातली सगळी लावली, आईचं पलंगाजवळचं राहिलं होतं, ते मी लावलं. मग तसबीर खिडकीपाशी नेली आणि बाबांचं भिंग घेतलं.

तो माणूस डाव्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या खाली बसला आहे. त्याची कोपरं गुडघ्यांवर टेकलेली आहेत आणि तळहात कानांवर दाबलेले आहेत. त्याचे डोळे उघडे आहेत, पण तो संदेष्ट्याकडे बघत नाही, समोर जमिनीवर बघतो. तिथे त्याच्या पावलांपाशी थोडी हाडं आहेत, आणि ती अजून हललेली नाहीत. बाकी सगळ्यांचे केस वाऱ्याने उडताहेत, त्याचेही उडताहेत. त्याच्या अंगावर कपडे आहेत. (इतक्या वर्षांत मी एकदाही हे वाक्य लिहिलं नव्हतं.) खोऱ्यातून जे उठले त्यांच्यापैकी कोणाच्याही अंगावर कपडे नाहीत, म्हणजे तो मेलेल्यांमधला नाही, तो आधीपासून तिथे होता. मी लहानपणापासून त्याला हाडांत मोजत आले, पण त्या सबंध खोऱ्यात सुरुवातीपासून जिवंत असलेली माणसं दोनच आहेत, संदेष्टा आणि हा. आणि कान झाकायला आधी ऐकू यावं लागतं.

ही नऊ झाली. इथे मी थांबले.

मी कपाटाकडे गेले. दार खाली घासतं, ते मी विसरले होते. ओढलं तर हिसका बसला आणि आत पेटी वाजली. फार मोठा आवाज नव्हता. खाली बाबा टीव्हीवर क्रिकेट बघत होते. टीव्हीचा आवाज बंद झाला. मी दार धरून उभी राहिले. घरात काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ते खाली ऐकत होते हे मला वर कळत होतं. थोड्या वेळाने टीव्हीचा आवाज परत सुरू झाला.

मी त्यांच्या पत्रातलं काही विचारत नाही. तुम्ही सांगू नका. मला जे कळलं ते मी बघून कळून घेतलं आहे.

बाहेर येताना शर्ट खांद्याला लागले. साड्यांसाठी काढले असतील असं मी तुम्हाला लिहिलं होतं. ती चूक होती, तीही दुरुस्त करते. कपाट उघडल्यावर दिसलं की साड्या तिथे नाहीतच. त्यांनी त्या माझ्या खोलीतल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात नीट घड्या घालून ठेवल्या आहेत, मी बघितलं नव्हतं. त्यांच्या कपाटात फक्त पेटी आहे आणि तिच्याखाली घडी करून ठेवलेला टॉवेल, तिला धक्का बसू नये म्हणून.

मी लगेच खाली गेले नाही. भीती वाटली असं नाही. मला नीट सांगायचं आहे, आणि ते मी आधी तुम्हाला लिहून बघते आहे. मी सांगणार आहे की हाडं दळू नका हे मी सांगितलं होतं, मामाने नाही, कोणीच नाही. त्यांना न विचारता सांगितलं. नदीला मी हो म्हटलं होतं, पण मला नदी नको आहे. मला आई जमिनीत हवी आहे, सगळी एका जागी, जिथे आम्हा दोघांना बसने जाता येईल. ते नाही म्हणाले तर मी ऐकेन. पण या वेळी ऐकलं या अर्थाने हो म्हणणार नाही.

दिवसही मी ठरवला आहे. आज झावळ्यांचा रविवार. शुक्रवारी मला कामावर जायचं आहे, आणि पुढच्या रविवारी ईस्टर, त्या दिवशी तुमच्याकडे गीतं असतील. मधल्या शनिवारी काहीच नसतं. आई म्हणायची की वर्षातला हा एकच शनिवार असा आहे की त्यावर वाक्यं लिहायची नाहीत, कारण त्या दिवशी प्रभू थडग्यात आहे आणि शिष्यांना अजून काही माहीत नाही, ते नुसते घरात बसून आहेत. त्या दिवशी ती मला सुट्टी द्यायची आणि कपाटं रिकामी करून पुसून काढायची.

त्या दिवशी बाबांनाही सुट्टी आहे. तुम्ही फोनजवळ राहाल का? मी करीनच असं नाही. बाबा करतील कदाचित.

वॉकर वापरा. पत्राला फर्स्ट क्लास लावलं आहे.

तुमची भाची,
स्वराली

ता. क. दहावं वाक्य राहिलं. ते बघून लिहिता येण्यासारखं नव्हतं. मी पेटी जिन्यावरून खाली आणणार आहे, ती वाजली तर वाजू देणार आहे, आणि मीठ बाजूला सारून ती बाबांसमोर टेबलावर ठेवणार आहे, शनिवारी, ४ एप्रिलला.